'डिस्टॉर्शन'ला 'विरूपण' म्हणायचं का?

खर्ज (धागाकर्ता):
एका दिवाळी अंकासाठी ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या वाद्यसाहित्यावर लेख लिहितोय. गिटार, तारा, ॲम्प, सगळं. संपादिकाबाईंनी पहिला मसुदा परत पाठवला, शेरा एकच : 'इंग्रजी फार.' 'पिक' खोडून त्यांनी 'छेडणी' केलंय आणि 'डिस्टॉर्शन' खोडून 'विरूपण'. आता 'विरूपण' वाचलं की मला शूर्पणखाच आठवते, त्याला मी काय करू?

अडलेला मजकूर असा : '१९६५ साली बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सतरा वर्षांच्या टोनीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं यंत्रात सापडून गेली. तो डावखुरा, म्हणजे उजवा हात फ्रेटवरचा. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून दोन थिंबल बनवले, त्यांवर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या आणि पुढे गिटार डाउनट्यून केली. त्यातून मेटलचा डिस्टॉर्टेड आवाज घडला.'

फ्रेट, थिंबल, डाउनट्यून, डिस्टॉर्शन. मदत करा.

तारसप्तक:
गिटारच्या लाकडाचे शब्द सतारीकडून उचल, फुकट आहेत. फ्रेट म्हणजे पडदा. ब्रिज म्हणजे घोडी. तार पिळायची ती खुंटी. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे ठोकून बसवलेले असतात, पण तेवढ्याने शब्द बदलत नाही. बेंड म्हणजे तार ओढून घेतलेली मींड. आणि पिकला नखी म्हण.

सोल्डरवाला:
नखी नको हो ताई. नखी बोटात घालतात, पिक चिमटीत धरतात. चिमटीत धरायचा तो सरोदचा जवा, करवंटीचा असतो. पण 'आयोमीने जवा उचलला' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल हा गडी सरोदिया. पिक राहू द्या. दुकानात जाऊन पोरं तेच मागतात.

गोधडी:
थिंबलला अंगुस्तान. आमची आजी गोधडी शिवताना पितळी अंगुस्तान घालायची, त्यावर बारीक खळगे असायचे, सुईचं बूड घसरू नये म्हणून. शब्द फारसीतला आहे, पण आजीला कुठे माहीत होतं!

खर्ज:
शब्द देखणा आहे, पण थोडा खटकतोय. आजीचं अंगुस्तान शाबूत बोटाला सुईपासून वाचवायचं. इथे बोटाचं टोकच उरलेलं नाही, त्या जागी प्लॅस्टिक आलंय, आणि त्यातून तारेचा स्पर्शही कळत नाही. मी 'प्लॅस्टिकच्या टोप्या' लिहितो आणि पहिल्यांदा येईल तिथे 'शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या' जोडतो. चालेल?

गोधडी:
पळेल.

सोल्डरवाला:
आता मुख्य रोगाकडे. मी पंचवीस वर्षं ॲम्प दुरुस्त करतोय, 'विरूपण' घेऊन एकही गिऱ्हाईक आलेलं नाही. लोक म्हणतात, 'काका, आवाज फाटतोय.' आणि तो खरोखर फाटतो. तारेतून गोल लाट येते, ॲम्पला झेपते त्याहून मोठी झाली की तिचा वरचा आणि खालचा शेंडा सपाट छाटला जातो. या छाटणीमुळे मूळ सुरात नसलेले वरचे सूर जन्माला येतात आणि कानाला खरखर लागते.

एक गोष्ट लेखात नीट लिही. सॅबथच्या सुरुवातीच्या काळात आयोमीकडे 'डिस्टॉर्शन' नावाची डबीच नव्हती. डॅलस कंपनीचा रेंजमास्टर होता. त्याला पेडल म्हणू नकोस, ती पायाखालची वस्तू नाही, ॲम्पवर ठेवायची डबी आहे. आत जर्मेनियमचा एक ट्रान्झिस्टर. तिचं काम एवढंच की गिटारचा आवाज, त्यातही वरची पट्टी, वाढवून ॲम्पच्या तोंडात कोंबायची. मग बर्मिंगहॅमच्याच लेनीचा ॲम्प, त्याच्या व्हॉल्व्हांना ते झेपत नाही आणि तो फाटतो. म्हणजे इथे डिस्टॉर्शन ही वस्तू नाही, घटना आहे. घटनेला मराठीत क्रियापद लागतं. नाम शोधत बसलास म्हणून अडलास. 'ॲम्प फाटेपर्यंत वाढवला' असं लिही, झालं काम.

खर्ज:
काका, हे पटलं. पण 'फाटणे' ही तक्रार आहे ना? गणपतीच्या मंडपातला भोंगा फाटतो तेव्हा आपण शिव्या देतो.

सोल्डरवाला:
तक्रारच. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला मी पहिल्यांदा ॲम्प फाडून वाजवला, तर साउंडवाला स्टेजवर चढून म्हणाला, 'दादा, लाइनमध्ये लोच्या आहे,' आणि माझा गेन त्याने शून्यावर आणून ठेवला. दोन ओळी मी त्या मेंगळट आवाजात वाजवल्या. तो खाली उतरला, मी परत चढवला, तो परत वर आला. त्याचं चुकलं असं आजही म्हणणार नाही. त्याच्या भाषेत फाटणं म्हणजे बिघाडच.

पण या आवाजाचा जन्मही बिघाडातूनच आहे. १९६४ मध्ये लंडनच्या किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या ॲम्पच्या स्पीकरचा कागदी शंकू ब्लेडने चिरला आणि तो आवाज रेकॉर्डवर आला. तिथे 'फाटका आवाज' हे शब्दशः खरं आहे, अलंकार नाही. म्हणून शब्दातली तक्रार काढून टाकू नकोस. 'विरूपण'मध्ये तक्रारही नाही आणि आवाजही नाही, नुसता पेपर तपासल्याचा वास आहे.

तारसप्तक:
मला मघापासून 'जवारी' सुचवायचंय. मिरजेत तंबोऱ्याची घोडी कानसाने इतकी बारीक घासतात की तार तिच्या पाठीवर टेकत-सुटत थरथरते, आणि एका सुरातून सुरांचं मोहोळ उठतं. जवारी लावणं ही त्या कारागिराची अर्धी विद्या. 'स्वच्छ' सूर मुद्दाम किंचित बिघडवून त्याला वजन आणायचं, कल्पना तीच नाही का?

सोल्डरवाला:
कल्पना चुलत बहीण, सख्खी नव्हे. जवारी तारेवर घडते, एकेका तारेची वेगळी. ॲम्पमधली छाटणी सगळ्या तारांचं एकत्र कालवण झाल्यावर घडते. म्हणून फाटक्या ॲम्पवर सा-ग-प असा भरलेला कॉर्ड वाजवला की नुसता चिखल होतो. मेटलवाले गंधार गाळतात आणि सा-प वाजवतात. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात.

तारसप्तक:
म्हणजे तंबोराच की! प-सा-सा-सा. शब्द नाही तर नाही, पण उपमा म्हणून जवारी मी सोडणार नाही.

खर्ज:
उपमा घेतली, ताई. डाउनट्यून राहिलं.

तारसप्तक:
त्यात अडण्यासारखं काय आहे? तार उतरवणे. चढवणे-उतरवणे हे रोजचं बोलणं आहे. किती उतरवली तेवढं सांग.

खर्ज:
१९७१ च्या तिसऱ्या आल्बमपासून तीन अर्धस्वर. ई वरून सी शार्प.

तारसप्तक:
मग पेटीच्या भाषेत लिही : सर्वांत जाड तार पांढरी तीनवरून काळी एकवर आणली. गाणारा कुणीही वाचक एका क्षणात समजेल, ई आणि सी शार्पची गरजच नाही. तार सैल झाली की टोपीखालच्या बोटाला दाब कमी आणि मींड सोपी. वर खर्ज मिळतो तो वेगळाच. तुझं टोपणनावही लेखात बसलं.

जुनाकॅसेट:
अवांतर : इंग्रजी शब्द म्हणजे काटेकोर, असं समजू नका. गिटारच्या घोडीला जोडलेल्या दांड्याला जग 'ट्रेमोलो' म्हणतं. तो सूर वर-खाली हलवतो, म्हणजे खरं तर व्हायब्रेटो. ट्रेमोलोत आवाज लहान-मोठा होतो. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर फेंडर कंपनीने चुकीचं नाव छापलं आणि ॲम्पवर नेमकं उलट केलं. सत्तर वर्षं झाली, कुणी दुरुस्त केलं नाही. आपल्याकडे सूर हलला की आंदोलन, एवढा गोंधळ नाही.

खर्ज:
नवा मसुदा : '...तो डावखुरा, म्हणजे उजवा हात पडद्यांवरचा. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या दोन टोप्या बनवल्या, वर चामडं चिकटवलं आणि हलक्या तारा लावल्या. पुढे त्या तारा उतरवल्या, सर्वांत जाड तार पांढरी तीनवरून काळी एकवर आणली. रेंजमास्टरच्या डबीने ढकलून त्याने ॲम्प असा फाडला, की...'

'की'च्या पुढे अजून अडलोय, पण ते शब्दांचं दुखणं नाही. बाईंना पाठवतो. एकच राहिलं : ॲम्पचं 'हेड', म्हणजे आवाज वाढवणारा वरचा डबा, आणि खालची 'कॅब'. कॅब म्हटलं की लोकांना टॅक्सी दिसते.

सोल्डरवाला:
कॅबला स्पीकरची पेटी म्हण. हेडला डोकं लावू नकोस.