मदत हवी आहे : सोबत्यांनी लावलेल्या क्रमावर कितपत भिस्त ठेवावी?

नमस्कार मंडळी. मी वास्कोत सुरक्षारक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम बघतो. आमचे नौदलातून निवृत्त झालेले उस्ताद म्हणतात, लेखी परीक्षेपेक्षा मुलांनाच एकमेकांचे क्रम लावायला सांगा, पुढे कोण चांगलं काम करेल ते त्यांनाच कळतं.

अमेरिकी मरीन कोअरच्या भावी अधिकाऱ्यांवरचा विल्यम्स-लेविट यांचा १९४७ चा अभ्यासही तेच सांगतो: लढाईतल्या कामगिरीचा अंदाज चाचण्यांपेक्षा सोबत्यांच्या मतावरून जास्त बरोबर आला. पटतं. बराकीत चोवीस तास शेजारी असणाऱ्यापासून काय लपणार? पण आमची पोरं संध्याकाळी घरी जातात. शिवाय काणकोणवाले काणकोणच्यांना, पेडणेवाले पेडण्याच्यांना वर चढवतील ही धास्ती. (हॉलंडरला १९५६ मध्ये नौदलाच्या प्रशिक्षणार्थींत मैत्रीचा फारसा परिणाम दिसला नाही, पण त्याने आमचं गाववालेपण कुठे पाहिलंय!)

सहा महिन्यांनी सुपरवायझरकडून कामाचे गुण घेणार आहे. त्याला आधीचे क्रम दाखवायचे नाहीत, एवढं पक्कं. पण हे क्रम प्रशिक्षणाच्या कितव्या आठवड्यात घ्यावेत? नावं गुप्त ठेवावीत का? एनसीसीत किंवा पोलिसांत कुणी असं केलं असेल तर फॉर्मचा नमुना मिळेल? देव बरें करूं.