जुन्या कॉटरवाल्या (क्रँक एक्सलवर पाचरीसारख्या पिनेने बसवलेल्या) सायकलचं बीबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा एक्सल आणि त्याचं बेअरिंग), खोलायला कुठली हत्यारं लागतात?

गंगापूररोडकर: २८ इंची जुनी रोडस्टर आहे. चढावर जोर दिला की क्रँक (पायडलचा दांडा) कटकट वाजतो, शिवाय एक्सल थोडा हलतोय. डावीकडच्या लॉकरिंगचा (डावा कप जागी धरणारी रिंग) हुकपाना मिळाला, पण चेनकडच्या फिक्स कपचा (ज्यात छर्रे फिरतात ती फ्रेममध्ये पक्की आवळलेली वाटी) पाना कुठे दिसत नाही. सातपूरला लेथवर बनवून घ्यावा का? की छिन्नी लावू?

कॉटरपिन: छिन्नी नको. हे दोन वेगळे बिघाड आहेत. दोन्ही क्रँक धरून उलटसुलट रेटा. एक हलून दुसरा जागीच राहिला तर कॉटर ढिली. दोन्ही मिळून डुलले तर छऱ्यांत खेळ आहे.

कॉटर काढायला प्रेस (पिन दाबून बाहेर काढायचं हत्यार) असेल तर उत्तम. नसेल तर रात्रभर गंज सोडवायचं तेल मुरू द्या. नट सोडा, पण पिनेच्या टोकाशी सपाट येईल एवढाच, म्हणजे आटे वाचतात. अर्धा इंची जीआय पाइपचा तुकडा जमिनीपासून क्रँकपर्यंत बरोबर मापाने कापून पिनेच्या मुंडीखाली उभा करा, पिन त्यात उतरेल. मग जड हातोडीचा एकच घाव. टुकटुक करत बसलात तर आट्यांकडचं टोक फुगून पिन क्रँकमध्येच अडकते आणि पाइपचा टेकू नसेल तर प्रत्येक ठोका छऱ्यांमार्फत कपात खड्डा पाडतो. निघालेली पिन पुन्हा वापरू नका. आपल्याकडे बहुतेक ९.५ मिमी चालते, काही युरोपियन सायकलींना ९ मिमी. व्हर्नियर लावूनच घ्या.

छर्रा_पाव_इंच: फिक्स कप काढायचाच कशाला? डावा कप आणि एक्सल काढा, फडकं रॉकेलमध्ये बुडवून उजवा कप आतूनच पुसा आणि टॉर्च मारून बघा. बॉलपेनचं टोक ट्रॅकवरून (छर्रे फिरतात त्या पट्ट्यावरून) फिरवा. अडखळलं नाही तर कप तिथेच राहू द्या.

अडखळलं तरी लेथची गरज नाही. कपाच्या भोकातून जाईल असा जाड बोल्ट घ्या (१६ मिमी आधी लावून बघा), मुंडी आतल्या बाजूला, दोन्हीकडे जाड वॉशर, बाहेर स्प्रिंग वॉशर आणि नट. सुरुवातीला डावीकडून बॉक्स पान्याने मुंडी धरून नट आवळा. इंग्लिश पद्धतीत चेनकडचे आटे उलटे असतात, म्हणून नट घड्याळाच्या दिशेने फिरवत राहिलात की आधी नट घट्ट होतो आणि मग कपच सुटू लागतो. इटालियन फ्रेमला दोन्हीकडचे आटे सुलटे, तिथे ही युक्ती चालत नाही.

गंगापूररोडकर: पेनचं टोक अडखळतंय. कुठलाही कप बसेल का?

कॉटरपिन: नाही. नेहमीचे आटे इंचाला २४, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला बनलेल्या जुन्या रॅले सायकलींना २६. जुन्या कपावर पट्टी धरून अर्ध्या इंचात १२ येतात की १३ ते मोजा. चुकीचा कप दोन-तीन आटे जातो, मग जोर लावला की फ्रेमच बाद.

छर्रा_पाव_इंच: छर्रे सगळे नवे, पाव इंची, सुटे असतील तर एका बाजूला ११. ग्रीस भरपूर. लॉकरिंग आवळताना डावा कप किंचित बाहेर ओढला जातो, म्हणून आधी जरा घट्टच ठेवा. कॉटर दोन्ही उलट दिशांनी घालायच्या, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. आणि पिन नटाने ओढून बसवायची नाही. प्रेसने किंवा ठोकून बसवा, नट फक्त धरायला. थोडं चालवून झालं की पुन्हा ठोका आणि नट आवळा.