प्रोबेशनवर सुटलेल्या मुलाला दुसऱ्या जिल्ह्यात काम : बॉण्डची अट कशी बदलून घ्यावी?

मुलगा २३ वर्षांचा, चोरीचं प्रकरण. काही महिने कच्चा कैदी म्हणून आत होता. दोषी ठरल्यावर सांगली जिल्ह्यातल्या कोर्टाने शिक्षा न सुनावता परिविक्षा अधिनियम, १९५८ (प्रोबेशनचा कायदा) च्या कलम ४ खाली दोन वर्षांच्या बंधपत्रावर (बॉण्डवर) सोडलं. देखरेखीचा आदेशही आहे. महिन्यातून एकदा प्रोबेशन ऑफिसरकडे हजेरी, आणि परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही. आता चाकणला ठेकेदाराकडे काम मिळतंय, पण त्याला पोलीस पडताळणी हवी आहे. जामीनदार मामा आहेत, ते म्हणतात, "पुण्याला गेलास तर मी जबाबदार नाही." अर्ज कुणी, कुठे करायचा?

प्रतिसाद १
आधी आदेश आणि बंधपत्र दोन्हींची नक्कल काढा. परवानगी कोर्टाची लिहिली आहे की अधिकाऱ्याची, यावर पुढचं सगळं ठरतं. अटच बदलायची असेल तर कलम ८ प्रमाणे अर्ज प्रोबेशन ऑफिसरकडून जावा लागतो. गाडं इथेच अडतं: वकील थेट अर्ज टाकतात, कोर्ट अधिकाऱ्याचं म्हणणं मागवतं, तारीख पडते आणि तोवर पोरगा कामावर रुजू झालेला असतो.

अधिकाऱ्याला रिकाम्या हाताने भेटू नका. ठेकेदाराचं पत्र न्या, त्यात पगार, पाळी, साप्ताहिक सुट्टी आणि कामाचा पत्ता हवा. सोबत खोलीमालकाचं पत्र किंवा भाडेकरार. त्याच अर्जात कलम १३(२) खाली पुण्याचा अधिकारी नेमण्याची विनंती घाला. ती राहून गेली की दर महिन्याला सांगलीची फेरी, एक खाडा आणि थोड्याच दिवसांत काम गेलं! हजेरी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बसेलच असं नाही; ती सुट्टी रविवारी असेल तर सरकारी कार्यालय बंद असतं. त्यामुळे पाळी पाहून वेळ मागा.

मामांनाही कोर्ट म्हणणं मांडायची संधी देतं. त्यांनी संमती नाकारली तर कोर्ट नवं बंधपत्र मागू शकतं, आणि ते दिलं नाही तर मूळ गुन्ह्याची शिक्षा. दुसरा जामीनदार कागदपत्रांसह तयार ठेवा.

प्रतिसाद २
"आधी जाऊ दे, मग बघू" हे अजिबात नको. कलम ९ खाली वॉरंट निघू शकतं. पहिल्या चुकीला ५० रुपयांपर्यंतचा दंड आहे खरा, पण तेवढ्यावरच सोडायला कोर्ट बांधलेलं नाही.

पडताळणीबद्दल: कलम १२ मुळे दोषसिद्धीला (दोषी ठरण्याला) जोडलेली अपात्रता लागत नाही, पण दोषसिद्धी पुसली जात नाही. म्हणून पडताळणीच्या अर्जात "गुन्हा नाही" असं लिहू देऊ नका. पुढे काम जातं ते बहुतेकदा माहिती दडवली म्हणून. गुन्हा क्रमांक लिहून आदेशाची नक्कल जोडा, म्हणजे पोलिसांकडे प्रकरण अजून प्रलंबित दिसत असेल तर तेही दुरुस्त करून मागता येईल.

वकिलाची फी झेपत नसेल तर मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

प्रतिसाद ३
एक पुरवणी. वर्तन चांगलं राहिलं तर अधिकाऱ्याच्याच अर्जावर मुदतीआधी बंधपत्रातून मोकळं करता येतं. त्यासाठी पगाराच्या पावत्या आणि हजेरीच्या नोंदी पहिल्या महिन्यापासून एका फायलीत लावून ठेवा.