मदत हवी आहे: ऑक्सी हिमोग्लोबिनमध्ये साखळ्यांमधले काँटॅक्ट शून्य येतायत

शहापूरची_पोरगी
नमस्कार. एम.एस्सी. बायोटेकचा प्रोजेक्ट आहे, हिमोग्लोबिनमधल्या रेसिड्यूंच्या (साखळीतल्या अमिनो आम्लांच्या) काँटॅक्टवर, म्हणजे कोण कोणाला चिकटून आहे त्यावर. डीऑक्सी (ऑक्सिजन नसलेलं) आणि ऑक्सी (ऑक्सिजन बसलेलं) यांची तुलना करायची आहे. दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या आहेत. डीऑक्सीचं सगळं व्यवस्थित येतंय. ऑक्सीत अल्फा१-बीटा१ चे काँटॅक्ट येतात, पण अल्फा१-बीटा२ शून्य आणि अल्फा१-अल्फा२ सुद्धा शून्य. स्क्रिप्ट दोन्हीकडे तीच. सोमवारी गाइडना टेबल दाखवायचं आहे. कटऑफ (किती अंतरापर्यंत काँटॅक्ट मानायचा ती मर्यादा) वाढवू का? कृपया लवकर सांगा.

खानापूर_लाइन
स्क्रिप्टमध्ये नेमकं काय करूलास ते तरी सांग. कुठली फाइल? अंतर कशापासून कशापर्यंत मोजतेस, सी-अल्फा (रेसिड्यूच्या कण्यातला मधला कार्बन) ते सी-अल्फा की कुठलाही अणू? कटऑफ किती? ह्यातलं काहीच लिहिलं नाहीस, मग वाढव की कमी कर हे कशाच्या आधारावर सांगायचं?

पायमोलवाला
स्क्रिप्टच्या नादी लागू नका. पायमोलमध्ये (रचना दाखवणारं सॉफ्टवेअर) फाइल उघडा, एक साखळी निवडा, तिच्या चार अँगस्ट्रॉमच्या (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) आतलं सगळं निवडा, डोळ्यांनी दिसतं. आमच्या लॅबमध्ये सगळे असंच करतात.

निपाणीचे_मास्तर
बाळ, तुझं उत्तर बरोबर आहे, घाबरू नकोस. मॅक्स पेरुट्झ यांनी १९७० मध्येच दाखवून दिलं की ऑक्सिजन बसला की चार साखळ्यांना बांधून ठेवणारे सॉल्ट ब्रिज, म्हणजे विरुद्ध प्रभारांच्या गटांमधले बंध, तुटतात. बीटा साखळीच्या टोकाचा १४६ नंबरचा हिस्टिडीन डीऑक्सीत समोरच्या अल्फाच्या ४० नंबरच्या लायसिनला धरून असतो, ऑक्सीत तो सुटतो. मी पीयूसीला (अकरावी-बारावीला) हे वर्षानुवर्षं शिकवलं आहे. शून्यच यायला हवं.

शहापूरची_पोरगी
फाइल आरसीएसबीवरून (पीडीबी या प्रथिन-रचनांच्या संग्रहाची साइट) घेतल्या, डीऑक्सीला २एचएचबी आणि ऑक्सीला १एचएचओ. बायोपायथनचं नेबरसर्च (जवळचे अणू शोधणारं) वापरलंय, हायड्रोजन सोडून कुठलेही दोन अणू ४.५ अँगस्ट्रॉमच्या आत असले की काँटॅक्ट. पाणी आणि हीम (ऑक्सिजन धरणारा लोहाचा गट) वगळलेत.
सर, धन्यवाद, पण मी फक्त सॉल्ट ब्रिज मोजत नाहीये, सगळेच काँटॅक्ट मोजतेय.

खानापूर_लाइन
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं.
मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण इथे मी सहमत नाही. सॉल्ट ब्रिज तुटतात हे खरं. त्याचा अर्थ साखळ्या एकमेकींपासून सुटतात असा होत नाही. ऑक्सीतही हिमोग्लोबिन चार साखळ्यांचाच असतो. टी (डीऑक्सी) अवस्थेतून आर (ऑक्सी) अवस्थेत जाताना एक अल्फा-बीटा जोडी दुसरीच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी वळते, त्यामुळे अल्फा१-बीटा२ च्या पृष्ठभागावर जुने काँटॅक्ट जातात आणि नवे येतात. डीऑक्सीत अल्फाचा ४२ नंबरचा टायरोसिन समोरच्या बीटाच्या ९९ नंबरच्या अ‍ॅस्पार्टेटशी हायड्रोजन बाँड करतो. ऑक्सीत तो जातो आणि अल्फाच्या ९४ नंबरच्या अ‍ॅस्पार्टेटचा बीटाच्या १०२ नंबरच्या अ‍ॅस्पॅराजिनशी नवा बाँड तयार होतो. मग ४.५ च्या कटऑफला शून्य कसं येईल?

निपाणीचे_मास्तर
९४ आणि १०२ चा मुद्दा मान्य. तरीही काँटॅक्टची संख्या घटणार, हे माझं म्हणणं कायम आहे.

चंदगड_धारवाड
मूळ घोटाळा व्याख्येत आहे. काँटॅक्ट म्हणजे सी-बीटा (साइड चेनचा, म्हणजे रेसिड्यूच्या बाजूच्या फांदीचा, पहिला कार्बन) ते सी-बीटा ८ अँगस्ट्रॉमच्या आत, ग्लायसिनला सी-बीटा नसतो म्हणून तिथे सी-अल्फा. कॅस्प या प्रथिनाच्या घडीचा अंदाज बांधायच्या स्पर्धेत हीच व्याख्या चालते. ४.५ सोडा, ८ लावा.

खानापूर_लाइन
ती व्याख्या घडीचा अंदाज बांधणाऱ्यांसाठी सोयीची आहे, कारण त्यांच्याकडे साइड चेनची नेमकी जागा नसते. हिच्याकडे २एचएचबी १.७४ अँगस्ट्रॉमची आणि १एचएचओ २.१ ची क्ष-किरण रचना आहे, अणू जागच्या जागी दिसतात. लायसिन किंवा आर्जिनिनची साइड चेन लांब असते. दोन टोकं एकमेकांना चिकटलेली असतात आणि सी-बीटा ८ च्या बाहेर राहतात. सॉल्ट ब्रिज बघायचे तर सी-बीटा धरून अर्धे हातातून जातील.

चंदगड_धारवाड
आणि ४.५ ने शेजारशेजारचे सगळे रेसिड्यू काँटॅक्ट म्हणून येतात त्याचं काय? साखळीत किमान चार जागांचं अंतर ठेवायला हवं.

खानापूर_लाइन
एकाच साखळीत मोजताना हो. ती दोन वेगळ्या साखळ्यांमध्ये मोजतेय, तिथे तो प्रश्नच येत नाही.

गोकाक_७७
अल्फाफोल्डवर (रचनेचा अंदाज बांधणारं एआय) अनुक्रम टाका, दहा मिनिटांत मॉडेल मिळतं. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यालाच आहे. आता क्रिस्टलच्या फाइल कोण बघतं?

टिळकवाडी_क्रिस्टल
गोकाक, ज्या प्रथिनाची चांगली प्रायोगिक रचना आहे आणि ज्याच्या दोन अवस्थांची तुलना करायची आहे, तिथे अंदाजाचं मॉडेल घेऊन काय साधणार? अल्फाफोल्ड डेटाबेसच्या मॉडेलमध्ये हीम नसतं आणि ऑक्सिजनही नसतो.

शहापूर, आता तुझं. कटऑफला हात लावू नकोस. १एचएचओची फाइल नोटपॅडमध्ये उघड आणि साखळ्या मोज. ए आणि बी, दोनच आहेत. स्फटिकात जो भाग पुन्हा पुन्हा येतो त्याची एकच प्रत फाइलमध्ये ठेवतात, तिला असिमेट्रिक युनिट म्हणतात. २एचएचबीमध्ये त्या प्रतीत चारही साखळ्या मावल्या आहेत. १एचएचओमध्ये एकच अल्फा आणि एकच बीटा आहे, उरलेली जोडी सिमेट्रीने उभी करावी लागते. म्हणून अल्फा१-बीटा१ चे आकडे येतात आणि बाकीचे येत नाहीत. तुझी स्क्रिप्ट नसलेल्या साखळीसाठी गुपचूप शून्य लिहीत असणार. तिथे एरर यायला हवी.

फाइलमध्येच रिमार्क ३५० शोध. बायोएमटी नावाच्या सहा ओळी आहेत. पहिल्या तीन म्हणजे रचना आहे तशी, पुढच्या तीन म्हणजे दुसरी प्रत कशी वळवायची आणि सरकवायची त्याचे आकडे. ते हाताने करायची गरज नाही. आरसीएसबीच्या पानावर डाउनलोडमध्ये बायॉलॉजिकल असेंब्ली १ (पूर्ण उभा केलेला रेणू) आहे, ती घे.

हलगा_एसएसएलसी
विषयाबाहेरचं विचारतोय, माफ करा. मुलगी मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झाली, पीयूसीला सायन्स घेतलंय. पुढे बायोटेक करायचं तर बेळगाव बरं की कोल्हापूर?

निपाणीचे_मास्तर
हलगा, आधी तिचं रसायनशास्त्र आणि गणित पक्कं करून घ्या. ह्या विषयात शेवटी अंतरं, कोन आणि प्रभारच असतात. जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये मद्रासला बसून जो नकाशा दिला त्याच्यावर आजही प्रत्येक रचना तपासतात, तो निव्वळ कोनांचा हिशेब आहे. इंग्रजीची भीती पहिल्या सहा महिन्यांत जाते, माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांची गेली. कॉलेजचं बोलायला वेगळा धागा काढा, मी तिथे सविस्तर लिहितो.

शहापूरची_पोरगी
असेंब्ली डाउनलोड केली. पायमोलमध्ये उघडली. तरी दोनच साखळ्या दिसतात आणि स्क्रिप्टमध्येही शून्यच! आता काय?

पायमोलवाला
पायमोलमध्ये ऑल स्टेट्स चालू करा, दिसतील चारही.

टिळकवाडी_क्रिस्टल
पायमोलवाल्यांचं बरोबर आहे. तू जुन्या पीडीबी स्वरूपातली फाइल घेतलीस. त्यात दुसरी जोडी मॉडेल २ म्हणून ठेवलेली असते आणि तिच्या साखळ्यांची नावं पुन्हा ए आणि बी अशीच असतात. तुझी स्क्रिप्ट पहिलंच मॉडेल वाचते, म्हणजे पुन्हा अर्धाच रेणू. दोन वाटा आहेत. एक तर मॉडेल २ मधल्या ए-बीला सी-डी अशी नावं देऊन सगळं एका मॉडेलमध्ये आण. नाहीतर असेंब्लीची एमएमसीआयएफ (नव्या स्वरूपातली) फाइल घे, तिथे दुसऱ्या प्रतीला ए-२, बी-२ अशी वेगळी नावं असतात. मी दुसरी वाट धरीन.

काकती_लॅब
विषय हिमोग्लोबिनचा निघालाय म्हणून विचारते. मी डायग्नोस्टिक लॅबमध्ये आहे. सिकलसेलच्या जनुकीय रिपोर्टवर बदललेल्या अमिनो आम्लाचा ७ नंबर लिहून येतो, पुस्तकात ६ आहे. पेशंट विचारतात तेव्हा काय सांगायचं?

टिळकवाडी_क्रिस्टल
ताई, दोन्ही एकच. जनुकावरून मोजताना सुरुवातीचा मेथिओनिन धरतात, तयार प्रथिनातून तो काढून टाकलेला असतो, म्हणून एकाचा फरक. पीडीबीच्या फाइलमध्ये ६ सापडेल. ग्लुटामेटच्या जागी व्हॅलिन येतो आणि तो शेजारच्या रेणूतल्या बीटा साखळीच्या ८५ नंबरच्या फेनिलअ‍ॅलानिन आणि ८८ नंबरच्या ल्युसिनच्या खोबणीत बसतो. ऑक्सिजन नसताना रेणूंच्या दोऱ्या बनतात त्या ह्याच काँटॅक्टमुळे. २एचबीएस फाइलमध्ये दोन पूर्ण रेणू आहेत, त्यात बघा, पण सिमेट्रीचे शेजारी उभे करूनच बघा.

शहापूरची_पोरगी
एमएमसीआयएफने आलं! चारही साखळ्या आल्या, अल्फा१-बीटा२ चे काँटॅक्ट आले आणि ९४-१०२ ची जोडी यादीत आहे. ४२-९९ चा हायड्रोजन बाँड फक्त डीऑक्सीत आहे. खूप खूप आभार सगळ्यांचे.
अजून एकच. गाइडनी ८ अँगस्ट्रॉमचं टेबल पण मागितलं तर?

चंदगड_धारवाड
मागतीलच. तयार ठेव.

खानापूर_लाइन
दोन्ही दे, पण वेगवेगळ्या टेबलांत, आणि प्रत्येकाखाली कुठले अणू, किती अंतर, कुठली असेंब्ली, पाणी-हीम वगळलं की नाही हे लिही. सॉल्ट ब्रिजची यादी तिसरी. तिथे प्रभार असलेल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनमधलं अंतर ४ अँगस्ट्रॉमच्या आत एवढंच धर. सी-टर्मिनलचा (साखळीच्या शेवटच्या टोकाचा) कार्बोक्सिल गट त्यात घ्यायला विसरू नकोस, मास्तरांनी सांगितलेला १४६-४० चा ब्रिज त्याच गटाचा आहे. नुसत्या साइड चेन घेतल्यास तर तो डीऑक्सीतही दिसणार नाही.