शब्दचर्चा: सिग्नलमधल्या ‘नॉईज’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

सिग्नल प्रोसेसिंगची, म्हणजे आवाज, प्रतिमा, आलेख अशा सिग्नलांवर गणिती प्रक्रिया करण्याच्या विषयाची, ओळख करून देणारं टिपण मराठीत लिहितो आहे. वारंवारता, नमुना (सॅम्पल), गाळणी (फिल्टर) हे शब्द विनासायास बसले. ‘फेज’साठी (लहर आवर्तनात कुठे पोचली आहे ते) मराठी विश्वकोशातला ‘कला’ तर फारच आवडला. घोडं अडलं ते ‘नॉईज’पाशी, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणाऱ्या नको असलेल्या अंशापाशी. पहिला अर्थ ‘गोंगाट’ सुचतो. पण अंधारात काढलेल्या फोटोत रंगीत ठिपके माजतात, त्यांना गोंगाट म्हणायचं? हृदयाच्या आलेखावर विजेच्या तारांमुळे ५० किंवा ६० हर्ट्झची थरथर उमटते, तोही गोंगाटच? दोन्हीकडे कानाला काहीच ऐकू येत नाही. ‘खरखर’ लिहिलं तर रेडिओच डोळ्यांपुढे येतो. हिंदीत ‘रव’ वापरतात. मराठी वाचकाला तो पचेल का?

प्रतिसाद

‘गोंगाट’ नकोच. गोंगाट करणारं कोणीतरी असावं लागतं. इथे तसं कोणी नसतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या जॉन्सननं केलेली मोजमापं १९२८ साली प्रसिद्ध झाली. कुठल्याही रोधकात (विजेच्या प्रवाहाला अडवणाऱ्या भागात), नुसत्या तापमानामुळे, इलेक्ट्रॉनांची चुळबुळ चालू असते आणि त्यामुळे त्याच्या दोन टोकांमध्ये सतत बदलणारा अगदी सूक्ष्म विद्युतदाब दिसतो, असं त्याला आढळलं. त्याचा सहकारी नायक्विस्ट यानं त्याच वर्षी त्याचं गणित मांडलं. यंत्र बिघडलेलं नाही, जोडणी सैल नाही, तरी हा नॉईज आहेच. तापमान आहे तोवर तो राहणार. पुरेसा वाढवून स्पीकरला जोडला तर तो ‘सूंऽऽ’ असा ऐकू येतो, एवढाच त्याचा आवाजाशी संबंध.

शब्द कानाशी निगडित राहिला याचं कारण इतिहासात आहे. टेलिफोन आणि रेडिओवाल्यांनी जे ऐकलं त्यालाच नाव दिलं. खुद्द या क्षेत्राची संघटना, म्हणजे आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेची आजची सिग्नल प्रोसेसिंग सोसायटी, १९४८ साली ‘ऑडिओ’चा व्यावसायिक गट म्हणून सुरू झाली. तिच्या शोधपत्रिकेच्या नावात १९७४ पासून ध्वनिशास्त्र, वाणी आणि सिग्नल प्रोसेसिंग असे तिघे होते. १९९१ पासून नुसतं सिग्नल प्रोसेसिंग उरलं. विषय कानापासून सुटून प्रतिमा, रडार, मेंदूचे आलेख असा पसरला, ‘नॉईज’ मात्र जुन्या घरातला तोच शब्द घेऊन आला. मराठीत आपल्यावर ते ओझं नाही. आपण अर्थावरून नाव देऊ शकतो.

प्रतिसाद

अर्थावरून द्यायचं म्हणता, पण अर्थ तरी एका जागी कुठे थांबतो? अभियंते विड्रो आणि सहकाऱ्यांचा नॉईज वजा करण्यावरचा १९७५ चा निबंध घ्या. गर्भातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके टिपायचे, तर आईच्या हृदयाचे ठोके त्यांना झाकून टाकतात. म्हणून आईच्या छातीवरून तिचा सिग्नल वेगळा घेतला आणि पोटावरून घेतलेल्या सिग्नलमधून तो वजा होत जाईल अशी, स्वतःला जुळवून घेणारी गाळणी लावली. इथे नॉईज म्हणजे काय? एका जित्या माणसाच्या हृदयाचे ठणठणीत ठोके! हृदयरोगतज्ज्ञ आईला तपासत असेल तेव्हा तोच सिग्नल.

पेन्झियस आणि विल्सन या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांचं उदाहरण याहून मोठं. १९६४ साली त्यांच्या अँटेनात एक जादाचा नॉईज येत होता. अँटेना कुठेही वळवली तरी तो तेवढाच. त्यांनी अँटेनातली कबुतरांची विष्ठासुद्धा साफ केली, तरी तो गेला नाही. ते विश्वाच्या आरंभापासून उरलेलं सूक्ष्मतरंग प्रारण निघालं. १९७८ साली त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणून मला वाटतं, व्याख्येतच ‘नको असलेला’ हे आलं पाहिजे, आणि ‘कोणाला नको’ हेही.

प्रतिसाद

सगळ्याला एकच शब्द शोधताना मराठीची खरी श्रीमंती हातची जाऊ नये. वाणीवर काम करणाऱ्यांना नॉईजचे प्रकार लागतात, आणि ते आपल्याकडे आयते आहेत. अनेक माणसं एकाच वेळी बोलत असतील तर गलका. जुन्या तबकडीची चरचर. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण. पंख्याची घरघर. कळफलकाची टकटक. वाऱ्याचा माइकवर येणारा भरारा. यातला प्रत्येक शब्द ऐकूनच कळतं की ऊर्जा खालच्या वारंवारतांत आहे की वरच्या, सलग आहे की तुटक.

हे वर्गीकरण नुसती हौस नव्हे. २०११ पासून चालू असलेल्या ‘चाइम’ स्पर्धांमध्ये गोंगाटातलं बोलणं यंत्राने ओळखायचं असतं. २०१५ च्या फेरीत बस, कॅफे, पादचारी भाग आणि रस्त्याचा चौक अशा चार जागा होत्या. २०१८ मध्ये घरातल्या जेवणावळीच ध्वनिमुद्रित केल्या. तिथे एकाचं बोलणं हाच दुसऱ्याचा नॉईज. मायक्रोसॉफ्टनं २०२० पासून भरवलेल्या नॉईज-दमन स्पर्धांसाठीही कितीतरी प्रकारचे आवाज गोळा करून खुले केले गेले. अशा संचाला मराठीत नावं द्यायची वेळ आली, तर ‘नॉईज क्रमांक अमुक’ लिहिण्यापेक्षा चरचर, घरघर, गलका लिहिलेलं मला हवं आहे. आणि या स्पर्धांपुरता ‘गोंगाट’ शब्दही अगदी बरोबर आहे. त्याला सरसकट हाकलू नका.

प्रतिसाद

वापराचं बोलू. विद्यार्थी ‘नॉईज’च म्हणतात, आणि पुल्लिंगी: ‘नॉईज फार आलाय’, ‘नॉईज कमी झाला’. आयकॅस्प ही या क्षेत्रातली मोठी वार्षिक परिषद. ती १९७६ साली फिलाडेल्फियात सुरू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादला, भारतात पहिल्यांदाच, भरली. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तिथे सिग्नल प्रोसेसिंग कपची अंतिम फेरी असते. एका संघात पदवीचे तीन ते दहा विद्यार्थी. त्या मुलांना ‘रव’ शिकवून ते बोलायला लागतील, असं मला वाटत नाही. बोलण्यात ‘नॉईज’ राहू द्या.

लेखी परिभाषेत मात्र ‘रव’ला माझा पाठिंबा आहे. ‘नीरव’ शब्द प्रत्येक वाचकाला ठाऊक असतो, म्हणजे ‘रव’ त्याच्या ओळखीचा निघतो. शिवाय तो आखूड आहे, समासात वाकतो: सिग्नल-रव गुणोत्तर, श्वेतरव (व्हाइट नॉईज), रवपातळी. ‘सिग्नल आणि नको असलेला अंश यांचं गुणोत्तर’ असं पानोपानी कोण लिहिणार?

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. ‘रव’ घेतो, आणि पहिल्याच वेळी व्याख्या देतो: ‘जे शोधतो आहोत ते झाकणारं, मोजमापात मिसळलेलं बाकीचं सगळं’. ऐकू येणाऱ्या प्रकारांना तुमची चरचर-घरघर. गुणोत्तराचं उदाहरणही तिथेच: दोन्हींची शक्ती सारखी असेल तर शून्य डेसिबल, सिग्नल शंभरपट असेल तर २०.

‘डिनॉइझिंग’ला (नॉईज कमी करण्याला) मात्र ‘रवनिर्मूलन’ लिहवत नाही. मी ‘निवळणे’ वापरणार आहे. पाणी निवळतं तसा सिग्नल निवळतो. गाळ पूर्ण गेला असा दावा त्यात नाही, आणि तो नसावाच, कारण जोरात गाळलं की बोलण्यातले ‘स’, ‘श’सुद्धा जातात. २०२० पासून गाजलेल्या, कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या डिफ्युजन मॉडेलांनाही हा शब्द लागू पडतो. ती निव्वळ रवापासून सुरुवात करतात आणि पायरीपायरीने निवळत नेऊन चित्र किंवा आवाज तयार करतात. फक्त विड्रोच्या आई-बाळाच्या उदाहरणात मी ‘वजा करणे’च ठेवतो, तिथे आईचा सिग्नल हाताशी असतो आणि खरोखर वजाबाकीच होते.

‘क्लटर’ अजून बाकी आहे. रडारमध्ये जमीन, लाटा, पाऊस यांच्यावरून परत येणारे नको असलेले प्रतिध्वनी. माझ्या व्याख्येत ते बसतात, पण नुसतं ‘रव’ म्हटलं तर त्यांचं वेगळेपण पुसलं जाईल, कारण ते रडारनेच पाठवलेल्या लहरींचे असतात. कोणाला काही सुचत असेल तर सांगा.