अनुभव धागा: इंग्रजीतल्या एकवचन-अनेकवचनाने तुमची कुठे फजिती केली?

माझ्यापासून सुरुवात करते. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवणारे. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. सातवीत निबंधात लिहिलं, 'माय फादर आर अ फार्मर.' बाईंनी 'आर' खोडून वर 'इज' लिहिलं. घरी येऊन आईला विचारलं, बाबांना 'इज' कसं म्हणायचं? 'बाबा आला' म्हटल्यासारखं नाही का होत? आज नोकरीत दिवसभर इंग्रजी बोलते, तरी ते 'इज' जिभेला जरा उद्धटच लागतं.

तुमचेही किस्से येऊ द्या.

~

एसटीत मी सहज म्हणालो, "तिथे एक लेडीज बसलीय." अमेरिकेहून आलेला भाचा लगेच, "मामा, एक असेल तर लेडी ना?" म्हटलं, बाळा, मराठीत एकही लेडीज आणि दहाही लेडीज. एक दगड, दहा दगड, तसं. तुमच्याकडे नाही का, एक शीप, दहा शीप?

~

पोरं 'चिल्ड्रन्स' लिहायची आणि मी तांबडी रेघ मारायचे. नोकरीची निम्मी वर्षं गेल्यावर वाचनात आलं की 'चिल्ड्रन' मुळातच दुहेरी अनेकवचन आहे. आधी 'चिल्ड्रे' एवढंच अनेकवचन होतं. लोकांना ते पुरेना, म्हणून 'ऑक्सन'मधला शेवटचा 'एन' त्यालाही चिकटवला. म्हणजे माझ्या वर्गाने फक्त तिसरा थर चढवला! अर्धा मार्क कापायचेच, पण ओरडणं बंद केलं.

~

आमच्या दुकानाच्या पाटीवर 'फर्निचर्स' आहे. मुलगी म्हणते चूक आहे, 'एस' काढा. पेंटर म्हणाला, "काढतो, पण मग एकच खुर्ची विकता असं वाटेल." राहू दिलाय.

~

कात्री एक, पण 'सिझर्स' अनेक. चष्मा, विजार, चिमटा, सगळ्यांची तीच गत. दोन पाती, दोन पाय मोजत बसायचे.

~

आणि 'पोलीस' उलट. आपल्याकडे नाक्यावर एक पोलीस उभा असतो. इंग्रजीत 'द पोलीस' नेहमी घोळक्यानेच येतात.

~

धागाकर्तीसाठी: आदरार्थी अनेकवचन इंग्रजीतही होतं की! एकाला 'दाऊ', अनेकांना 'यू'. पुढे मोठ्यांना मान म्हणून एकट्यालाही 'यू' म्हणू लागले, फ्रेंचांच्या वळणावर. मान इतका पसरला की 'दाऊ' बिचारं यॉर्कशरसारख्या बोलींपुरतं आणि जुन्या प्रार्थनांपुरतं उरलं. म्हणून तर समोर एकच माणूस असला तरी 'यू आर'. थोडक्यात, 'तुम्ही'ने 'तू'ला गिळलं. आता कुत्र्यालाही 'तुम्ही'च म्हणतात.

~

धागाकर्ती: हे वाचून लगेच बाबांना फोन लावला. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे तोंडावर 'आर' आणि माघारी 'इज'? आपल्या गावातही तेच चालतं."