अनुभव सांगा : सणाच्या दिवशी तुमच्या घरात कुणाला जागा मिळाली?

परवा आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. तिळाच्या वड्या आईने केल्या. पाक झाला की नाही हे ती वाटीभर पाण्यात थेंब टाकून बघते. त्या थेंबाची गोळी वाटीवर टणकन वाजली की मगच तीळ आणि कूट घालते. पोळपाटाला तूप लावून तिने वड्या थापल्या, वर खोबरं भुरभुरलं, गरम असतानाच सुरीने रेघा ओढल्या. साडेपाचला पहिली बेल वाजली आणि ती उठून आतल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं.

बाबांना जाऊन सात वर्षं झाली. सातही वर्षं हेच चाललंय. तिला कुणीही 'आत जा' म्हटलेलं नाही, आणि मला तेच जास्त लागतं. आठ वाजता शेवटची बाई गेली तेव्हा मी आत डोकावले. आई खाटेवर बसून वाणाच्या उरलेल्या वाट्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. "पुढच्या वर्षी वीस कमी आण," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. सण म्हणजे सगळ्यांनी एकत्र येणं, असं आपण म्हणतो. मग त्या एकत्र येण्यात कुणाला पाट मिळतो, कुणाला उंबऱ्याबाहेर राहावं लागतं, आणि कुणी तो पाट हळूच पुढे सरकवला? तुमच्या घरातलं, डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. छोटं असलं तरी चालेल. पटणारं नसलं तरीही लिहा.

*

आमचं घर सिंधुदुर्गात. वडील आणि दोन काका. दोन चुली पंचवीस वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या, आणि मधले काका जमिनीच्या वाटणीवरून असे तुटले की रस्त्यात समोर आले तरी मान फिरवायचे. गणपती मात्र मूळ घरात एकच. तो वाटून घेता येत नाही, असं आजोबा म्हणून गेले होते.

मूर्ती बसायच्या आदल्या दिवशी माटवी बांधायची असते. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचं शिपटं, तवसं, कवंडळं, रानातलं जे जे त्या दिवसांत पिकतं ते सगळं टांगायचं. कवंडळं आणायला मधले काकाच जायचे, कारण कुठल्या झाडावर वेल चढलाय ते त्यांनाच ठाऊक. बोलणं बंद होतं त्या वर्षांतही सकाळी पडवीवर कवंडळांची टोपली ठेवलेली असायची. माणूस दिसायचा नाही.

एका वर्षी टोपलीही आली नाही. दुपारी आरती झाली आणि थोरले काका गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आमच्याकडे गाऱ्हाण्यात घरातल्या प्रत्येकाचं मागणं देवापुढे ठेवतात. मुंबईला कोण आहे, कुणाचं लग्न ठरत नाही, कुणाची गाय आटली, सगळं. प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." काका सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर थांबले. मग म्हणाले, "आणि जो कोण आज हयसर येवक नाय, तेकाय सांभाळ रे म्हाराजा. तेच्या पोराबाळांक सुखी ठेव." सगळे गप्प. माझ्या वडिलांनी सगळ्यांत आधी, घसा खाकरून, "व्हय म्हाराजा" म्हटलं. मग सगळ्यांनी.

खिडकीबाहेर मधल्या काकूंनी ते ऐकलं होतं. विसर्जनाला मधले काका आले. मूर्तीचा पाट उचलायला चार जण लागतात, तिघे उभे होते, ते चौथ्या बाजूला येऊन लागले. जमिनीचा वाद अजून मिटलेला नाही, हेही खरं सांगते. पण टोपली येते.

*

नागपूरकडची मी. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. मधला जेवणाचा दिवस म्हणजे सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, चटण्या. आणि ते सगळं चाळीस वर्षं एकट्या सासूबाईंच्या मनगटांवर.

तीन वर्षांपूर्वी त्यांचं मनगट मोडलं, सणाला आठ दिवस असताना. मी पुरण कधी केलं नव्हतं. माझ्या नवऱ्याने आणि दिराने केलं. सासूबाई ओट्यापाशी खुर्चीवर बसून सांगत होत्या. डाळ बोटात दाबली की पीठ झाली पाहिजे, कट निथळून घ्या, गूळ घातला की पातळ होईल, घाबरू नका, हलवत राहा. पुरण झालं कसं ओळखायचं? उलथणं मधोमध उभं करायचं, ते पडलं नाही म्हणजे झालं. दिराने उलथणं उभं केलं, ते कलंडलं. पुन्हा पाच मिनिटं. पुन्हा कलंडलं. तिसऱ्यांदा उभं राहिलं तेव्हा दोघेही अंगाने निथळत होते. मग गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं, हाताला चटके बसतात ते बसतातच.

रात्री दीर म्हणाला, "आई, तू हे दरवर्षी ताप असला तरी करायचीस?" त्या काही बोलल्या नाहीत. हात बरा झाल्यावर मात्र त्यांनी स्वतःच सांगितलं, पुरण आता मुलांकडे. तेव्हापासून ज्येष्ठागौरीच्या पूजेला त्या नवी साडी नेसून, न दमलेल्या अशा, देवींच्या समोर बसतात. मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना आरती पूर्ण म्हणताना ऐकलं.

*

माझं लिहिणं वेगळं आहे. कुणाला आवडणार नाही, पण विचारलंय म्हणून लिहिते.

लग्नानंतरच्या पहिल्या गौरींना माझी पाळी आली. मला मागच्या खोलीत बसवलं. तिथून मला हळदीचा, केवड्याचा वास येत होता आणि पंगतीचे आवाज येत होते. जेवण नणंदेने दारातून सरकवलं. कुणी वाईट बोललं नाही, उलट "आराम कर गं" म्हणाले. पण मी तेवीस वर्षांची होते, त्या गौरींसाठी दोन रात्री जागून मखर मी सजवलं होतं, आणि ते मी पाहिलंच नाही. विसर्जन झाल्यावर पाहिलं, रिकामं.

माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे. गेल्या वर्षी गौरीपूजनाच्या सकाळी तिने मला बाथरूममधून हाक मारली. मी तिला पॅड दिलं, न्हाऊ घातलं, परकर-पोलकं नेसवलं आणि तिच्या हाताने गौरींना गजरा माळला. सासूबाईंना आधी सांगितलं होतं. लपवून करायचं नव्हतं. त्या बराच वेळ जपमाळ हातात धरून बसल्या आणि म्हणाल्या, "गौर माहेरवाशीण आहे. तिला सगळं कळतं."

मला आजही त्या पहिल्या वर्षाचा राग आहे. तो जायला हवा असं मला वाटत नाही.

*

आमचं गाव मराठवाड्यात, कोरडवाहू. पोळा श्रावणाच्या अमावास्येला. आदल्या दिवशी बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, हळद अन् लोणी चोळायचं. वर्षभर जू घासून तिथली कातडी जाड झालेली असती, हात फिरवला की कळतं त्यानं किती ओढलंय. मग बाप बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचा, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." लहानपणी मला वाटायचं बैल खरंच मान हलवतो.

दोन दुष्काळ लागोपाठ आले, चारा राहिला नाही. जोडी बाजाराला नेली. त्यानंतर ट्रॅक्टर भाड्यानं. पहिल्या पोळ्याला आईनं पुरणपोळ्या केल्या नाहीत, म्हणाली कुणासाठी करू. बाप सकाळी उठून गावाबाहेर गेला. आम्हाला वाटलं मन लागत नसंल. दुपारी आला तो शेजारच्या म्हाताऱ्या विधवा बाईची जोडी घेऊन. तिचा पोरगा पुण्याला कामाला, बैल धुवायला घरी कुणी नाही. बापानं आमच्या दारात त्यांना धुतलं, शिंगं रंगवली, झूल आमचीच घातली. आईनं चूल पेटवली. जेवायला त्या बाईलाही बोलावलं अन् बैलांना नैवेद्य तिच्या हातानं दिला.

आता दर पोळ्याला तसंच चालतं. बाप गेला. आवतन मी देतो.

*

नाना पेठेत आजीचं घर. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला उतरते, माउलींची भवानी पेठेत, त्यामुळे आषाढाच्या तोंडावर दोन रात्री आमच्या जिन्यावरसुद्धा माणसं झोपलेली असायची. आजी पिठलं-भाकरी करायची आणि आम्हा पोरांना काम एकच: गरम पाण्याच्या बादल्या, आणि ज्यांना चालेल त्यांच्या पायांना तेल लावणं.

मी सात-आठ वर्षांचा असेन. एका आजोबांच्या टाचेच्या भेगेत खडा अडकला होता, तो मी पिनेने काढला. ते उठले आणि खाली वाकून माझ्या पायाला हात लावला. "माउली" म्हणाले. मी घाबरून आजीच्या मागे लपलो. मोठ्यांच्या पाया पडायचं एवढंच मला शिकवलेलं होतं. आजी म्हणाली, "वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात. लहानमोठं राहत नाही."

पुढे तिनेच सांगितलं, तिच्या लहानपणी पंढरपुरात सगळ्यांना देवळात जाता येत नव्हतं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी तिथे उपोषणाला बसले, तेव्हा ते दार उघडलं. शतकानुशतकं वाटेत पायाला हात लावणारी माणसं होती आणि दार मात्र बंद होतं, हे दोन्ही तिने मला एकाच दमात सांगितलं. मला अजून त्याची सांगड घालता येत नाही. पण पालखीच्या दिवशी मी सुट्टी टाकतो आणि बादल्या भरतो.

*

थोडक्यात. मी परिचारिका आहे. नरकचतुर्दशीला पहाटेची पाळी माझ्याकडे होती. हाडांच्या वॉर्डात अकरा रुग्ण होते, कुणालाच उठता येत नव्हतं. घरून निघताना उटण्याची पुडी पिशवीत टाकली होती. स्पंज करायच्या पाण्यात चिमूट चिमूट कालवलं, ज्यांना जखम नव्हती त्यांच्या हातापायांना लावलं. एका आजींनी हात नाकाशी नेला आणि विचारलं, "आज दिवाळी का गं?" त्यांना तारखाच राहिल्या नव्हत्या.

*

सगळे नियम कुणाला तरी बाहेर ठेवण्यासाठीच असतात असा सूर लागतोय, म्हणून दुसरी बाजू. आमचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मास लागला की कांदा, लसूण, वांगं बंद, ते चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानंतरच सुटतं. मला हा नियम प्रिय आहे. वाट बघायला शिकवतो. त्या दिवशी पहिला घास कुत्र्यांना घालतात, देवाच्या सोबतचे म्हणून. आणि तळी उचलायला पाच पुरुष लागतात. आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि मुलगा दोघेच. मग इमारतीचे दोन रखवालदार, आणि एक कुरियर देणारा पोरगा नेमका दारात आला होता. पाच जणांनी ताम्हण उचललं, 'येळकोट' म्हटलं, भंडारा सगळ्यांच्या कपाळी लागला. तो पोरगा जेवूनच गेला. नियम पाचाचा नसता तर मी त्याला आत बोलावलं असतं का, हे मी स्वतःला विचारलं. नसतं बोलावलं.

*

मूळ धागा लिहिणाऱ्या ताईंसाठी. मी शिरोळ तालुक्यातली. आमच्या शेजारच्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं सांगितलं. कोरोनात तरणीताठी माणसं गेली होती, घराघरांत पंचवीस-तीस वर्षांच्या मुली पांढऱ्या कपाळाने बसल्या होत्या, ते बघून हे घडलं.

माझी जाऊ त्यातलीच. ठराव झाला म्हणून ती लगेच हळदीकुंकवाला आली असं नाही. मी तीनदा बोलावलं, तीनदा काहीतरी काम काढलं तिने. चौथ्यांदा मी बोलावलं नाही, तिच्याच घरी हळदीकुंकू ठेवलं. स्वतःच्या घरातून कुठे जाणार? पहिल्या बाईला कुंकू लावताना तिचा हात थरथरला आणि कुंकू त्या बाईच्या नाकावर सांडलं. त्या बाईने पुसलं नाही. संध्याकाळभर तशीच बसली.

ताई, आईंना बोलावू नका. त्यांच्या हातात करंडा द्या.

*

धागा लिहिणारीच पुन्हा. काल रात्री हे सगळं आईला वाचून दाखवलं. पोळ्याचं ऐकताना ती शेंगा सोलत होती, सोलायची थांबली. गाऱ्हाण्याचं पुन्हा वाच म्हणाली. शिरोळच्या ताईंचं झाल्यावर उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही. मी मागे गेले नाही.

सकाळी चहा गाळताना म्हणाली, "कुंकू मी लावून घेणार नाही. ते माझं माझ्यापाशी आहे, त्याची जबरदस्ती नको. पण बाकीच्यांना हळद आणि तिळगूळ मी देईन. आणि माझ्या मैत्रिणी येतील, त्या तिघींना मी सांगते. त्यांनाही वाण द्यायचं."

त्या तिघींचेही नवरे नाहीत. सात वर्षांत मी त्यांना संक्रांतीला कधी बोलावलं नव्हतं. सुचलंच नव्हतं मला.

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू करता येतं, म्हणून पुन्हा ठेवलंय. कागदात गुंडाळलेल्या वाट्या आईने परत बाहेर काढल्या, मोजल्या. चार कमी पडतायत. शिवाय चिक्कीचा गूळ संपलाय, तो आणायला मला आत्ताच पिटाळलंय.